ठिणगी नाही? कॉइल बदलायची घाई नको

बसून चालवायच्या गवत कापायच्या मशीनचं इंजिन ठिणगी देत नसेल, तर आधी नवा स्पार्क प्लग त्याच्या वायरच्या कॅपमध्ये बसव, त्याचे आटे इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला टेकव आणि सेल्फ मारून बघ. अंधारात बघ, आणि प्लगच्या भोकापासून लांब धर, तिथून पेट्रोलची वाफ येते.

काहीच दिसलं नाही, तर कॉइलची (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) बारीक वायर काढून परत बघ. जुन्या मॅग्नेटो इंजिनात (ठिणगी फिरत्या चुंबकाने बनते, बॅटरीने नाही) तीच वायर कॉइल अर्थ करून इंजिन बंद करते. किल्ली, सीट, ब्रेक, पाती, सगळ्यांचे स्विच तिच्यावर. वायर काढल्यावर ठिणगी आली तर कॉइल ठणठणीत, दोष वायरिंगमध्ये. माझ्या मशीनची सीटखालची वायर उंदरांनी कुरतडलेली. मी शहाणा दोन कॉइल बदलून बसलो होतो! मात्र चाचणी झाली की वायर परत जोड, नाहीतर इंजिन किल्लीने बंदच होणार नाही.

तरीही ठिणगी नसेल तर फ्लायव्हीलच्या (इंजिनचं जड फिरतं चाक) चुंबकावरचा गंज घास, कॉइल आणि त्या चुंबकातलं अंतर तपास. बऱ्याच इंजिनांत ते साधारण ०.२५ ते ०.३५ मिमी असतं, व्हिजिटिंग कार्ड मध्ये घालून जमतं. फारच जुन्या इंजिनात फ्लायव्हीलखाली पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे छोटे संपर्क) असतात, ते काळे पडलेत का बघ.

बॅटरी इग्निशन असेल तर हे सगळं सोड, आधी कॉइलवर १२ व्होल्ट येतात का ते मोज.