शंभर निघू शकत असताना लाइन ऐंशीवर का थांबते?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चाकणच्या एका मशीन शॉपमध्ये चार वर्षं ऑपरेटर, दोन महिन्यांपासून त्याच लाइनवर सुपरवायझर, सोबत पार्ट-टाइम एमबीए आणि या सेमिस्टरला संघटनात्मक वर्तनाचा, म्हणजे कामाच्या ठिकाणी माणसं कशी वागतात याचा पेपर. सायकल टाइमच्या, म्हणजे एका नगाला लागणाऱ्या वेळेच्या हिशेबाने शिफ्टला शंभर नग निघायला हवेत, पण तुमची माणसं ऐंशीच्या आसपास आली की हात आखडतात. हा विषय शिकून त्यावर काही उपाय सापडतो का, की दोन-तीन जणांना मेमो देऊन मोकळं व्हावं, असं तुम्ही विचारलंय.

मेमो देऊ नका. निदान ऐंशीच का, हे कळेपर्यंत तरी नाही. आळशी माणसाचा आकडा रोज हलतो, आज साठ तर उद्या नव्वद. आठ-दहा जणांचा आकडा महिनोन्‌महिने एकाच ठिकाणी थांबतो, तेव्हा तो त्यांनी आपसात ठरवलेला असतो. ते कुणी बोलून दाखवत नाही, पण नवीन आलेल्या ट्रेनीला आठवड्याभरात कळतं.

तुमच्या अभ्यासक्रमात हॉथॉर्नचा धडा असणारच. शिकागोजवळ सिसरो इथे वेस्टर्न इलेक्ट्रिकचा टेलिफोनचं सामान बनवणारा कारखाना होता. तिथे १९२४ ते १९३२ या काळात हे प्रयोग झाले. आपल्या नोट्समध्ये त्याचं सार दोन ओळींत असतं: उजेड वाढवला तरी उत्पादन वाढलं, कमी केला तरी वाढलं, म्हणून माणसांकडे लक्ष दिलं की काम वाढतं. परीक्षेत याला मार्क मिळतील, शॉपमध्ये मात्र याने फसगत होते. रिले (टेलिफोन यंत्रणेतले विजेवर चालणारे छोटे स्विच) जोडणाऱ्या पाच मुलींवरच्या प्रयोगात दोघींना 'फार बोलतात' म्हणून १९२८ च्या जानेवारीत बदलून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या होत्या. शिवाय त्यांची कमाई अख्ख्या विभागाऐवजी त्यांच्या छोट्या गटाच्या कामाशी जोडली होती. हे दोन तपशील वगळले की उरतं ते 'गोड बोला, काम वाढेल'. मी पहिली दोन वर्षं हेच केलं. माणसं माझ्याशीही गोड बोलू लागली आणि आकडा होता तिथेच राहिला.

तुमच्या कामाचा भाग त्याच कारखान्यातल्या दुसऱ्या खोलीत आहे. तिथे १९३१-३२ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजच्या स्विचना वायरिंग करणाऱ्या चौदा पुरुषांचं निरीक्षण झालं. नऊ जण वायर जोडणारे, तिघे सोल्डरिंग करणारे, दोघे तपासणारे. कमाई गटाच्या उत्पादनावर, म्हणजे कागदावर जास्त काम तर जास्त पैसा. तरीही दिवसाला दोन संच झाले की पुरे, हा त्यांचा आपसातला नियम. कुणी त्याच्या पुढे पळायला लागला की बाकीचे त्याच्या दंडावर ठोसा मारायचे, आणि फारच मागे राहिला तर त्यालाही ऐकून घ्यावं लागायचं. एखाद्या दिवशी काम जास्त झालं तर ते सगळं न सांगता मागे ठेवायचं आणि कमी झालेल्या दिवशी दाखवायचं. विचारलं तर उत्तर एकच: जास्त काढलं की दर कापतील, नाहीतर कुणाला तरी घरी बसवतील. महामंदीचे दिवस होते, काम आटलं आणि अखेर ती खोलीच बंद करावी लागली. या प्रयोगांवर लिहिणारे हार्वर्डचे प्राध्यापक एल्टन मेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून कामगारांच्या भावनांवर बराच भर दिला. मला स्वतःला त्या माणसांचा हिशेब जास्त खरा वाटतो.

याचं कारण सांगतो. नव्वदच्या दशकात मी सातपूरला एका कारखान्यात सेकंड शिफ्ट बघत होतो. एका रात्री ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात गोणपाटाखाली सात तयार नग सापडले. पुसलेले, तेल लावलेले, माप तपासायच्या गेजमध्ये बरोबर बसणारे. माझी पहिली प्रतिक्रिया म्हणजे चार्जशीटचा मसुदा. सुदैवाने त्या लाइनवरचे सगळ्यात जुने ऑपरेटर, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, मला कँटीनला घेऊन गेले. दोन वर्षांपूर्वी एका पोराने फिक्श्चरमध्ये, म्हणजे नग पकडून ठेवणाऱ्या साधनात, बदल सुचवला होता, नगामागे चाळीस सेकंद वाचले. त्याला टाळ्या, सर्टिफिकेट आणि स्टीलचा डबा मिळाला. पुढच्या महिन्यात आयईवाले, म्हणजे कामाचा वेळ मोजणारे इंजिनिअर, स्टॉपवॉच घेऊन आले आणि सगळ्यांचं टार्गेट बारा नगांनी वाढवून गेले. त्या पोराशी लाइनवर कुणी बोलेना, सहा महिन्यांत तो नोकरी सोडून गेला. अण्णा म्हणाले, "साहेब, ते सात नग ब्रेकडाउनच्या दिवसासाठी आहेत. मशीन बंद पडलं की तुम्ही मेंटेनन्सला नाही विचारत, आम्हाला विचारता."

ते खरं होतं. मी त्यांनाच विचारायचो.

मग चार महिने प्लांट हेडच्या मागे लागून एक गोष्ट लेखी घेतली: कंपनीने स्वतः मशीन किंवा पद्धत बदलल्याशिवाय वर्षभर टार्गेट हलणार नाही, आणि ऑपरेटरच्या सूचनेमुळे वेळ वाचला तर त्यातला वाटा त्या लाइनच्या इन्सेंटिव्हमध्ये येईल. कागद नोटीस बोर्डावर लावला. पहिले तीन आठवडे काहीच झालं नाही, वाट बघत होते. नंतर आकडा हळूहळू वर सरकला. फर्स्ट शिफ्टला मात्र तोच कागद चालला नाही, कारण तिथला सुपरवायझर दर सोमवारी घड्याळ घेऊन उभा राहायचा.

आता अभ्यासाबद्दल. मास्लोचा पिरॅमिड, म्हणजे माणसाच्या गरजांची उतरंड, परीक्षेपुरता करा. त्याने १९४३ च्या मूळ लेखात पिरॅमिड काढलाच नव्हता, आणि शॉपमध्ये मला त्याने कधी रस्ता दाखवला नाही. अ‍ॅडम्सचा १९६३ चा समन्यायाचा सिद्धांत मात्र नीट वाचा. माणूस आपल्या पगाराकडे एकटा बघत नाही, शेजारच्याचे कष्ट आणि शेजारच्याचा मोबदला यांच्याशी ताडून बघतो. तुमच्या लाइनवर परमनंट आणि कंत्राटी माणूस शेजारी-शेजारी तेच काम करत असतील तर ही तुलना दिवसातून शंभर वेळा होते. पगारातला फरक तुमच्या हातात नाही, हे त्यांनाही माहीत असतं. पण हातमोजे कुणाला नवीन मिळतात, कूलंटच्या चिखलातलं मशीन रोज कुणाच्या वाट्याला येतं, ओव्हरटाइमला कुणाला थांबवलं जातं, हे तुमच्या हातात आहे. ओव्हरटाइमचं वाटप आणि मशीनची पाळी लिहून बोर्डावर लावा. कालपर्यंत ज्यांच्यासोबत चहा घेतला ते आज तिरकं बोलतात, हा तुमचा दुसरा प्रश्न. माझ्या अनुभवात त्यातलं निम्मं या कागदाने मिटतं. चहा सोडू नका. मात्र चहावर रजा मंजूर करू नका.

दुसरं म्हणजे हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांचं काम. नव्वदच्या दशकात रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करताना त्यांना आढळलं की चांगल्या चालणाऱ्या वॉर्डांतच चुकांची नोंद जास्त आहे. तिथे चूक सांगायला माणसं कचरत नव्हती, म्हणून ती कागदावर येत होती. तुमच्या हँडओव्हरच्या वहीत सलग पंधरा दिवस रिजेक्शन शून्य दिसलं तर खूश होण्याआधी भंगाराच्या डब्यात बघा.

आणि आपल्याकडचंही एक उदाहरण वाचा. अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत ऑटोमॅटिक माग आणले, पण अपेक्षेइतकं उत्पादन येईना. १९५३ मध्ये माणसं आणि संघटना यांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे आले. त्यांच्या लक्षात आलं की एकाच मागाशी बरेच जण आपापल्या तुकड्यापुरते बांधलेले आहेत, कुणी तुटलेला धागा जोडतोय, कुणी तेल घालतोय, आणि अख्ख्या मागाची जबाबदारी कुणाचीच नाही. मागांचा ठरावीक संच एका छोट्या गटाकडे सोपवण्याची कल्पना मांडली, ती कामगारांनीच उचलून धरली आणि आपले गट स्वतः बनवले. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. पुढे १९७० मध्ये त्याच संस्थेचे एरिक मिलर परत जाऊन बघतात तर काही ठिकाणी ही पद्धत टिकली होती, काही ठिकाणी विरून गेली होती. मला यातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो, कारण आपण सगळे चांगली व्यवस्था बसवतो आणि वरचा माणूस बदलला की ती कशी सुटत जाते हे बघायला तिथे नसतो.

विषय शिकण्याची माझी पद्धत साधी होती. खिशात छोटी वही, आणि तिच्यात माणसाच्या स्वभावाबद्दल एकही शब्द लिहायचा नाही. 'कामचुकार', 'उद्धट', 'मन नाही कामात' हे बंद. त्याऐवजी '१०:४० ते ११ मशीन बंद, इन्सर्ट शोधायला टूल क्रिबला दोन फेऱ्या' (इन्सर्ट म्हणजे मशीनमधलं धातू कापणारं बदलतं पातं, टूल क्रिब म्हणजे हत्यारं ठेवायची जागा). महिनाभर हे केलं तेव्हा मला दिसलं की ज्याला मी चार वर्षं कामचुकार समजत होतो त्याच्या मशीनला टूल क्रिब सगळ्यात लांब होती. त्याची मी माफी मागितली. टूलचा रॅक हलवायला अर्धा दिवस लागला.

तुमच्या ऐंशीबद्दल नेमकं सांगायला मला तीन गोष्टी कळायला हव्यात. टार्गेट शेवटचं कधी वाढलं आणि त्याच्या आधीच्या महिन्यात लाइनवर काय घडलं होतं? इन्सेंटिव्ह आहे का, असला तर कितव्या नगापासून? आणि तुम्ही स्वतः ऑपरेटर होतात तेव्हा शिफ्टला किती काढत होतात? तिसऱ्याचं उत्तर इथे लिहायचं नसेल तर मला वेगळं कळवा, पण आधी स्वतःशी खरं काढा.