सिप्परच्या पाट्यांची नोंद करायला बसशील तेव्हा

आधी पाटीवरचा जुना क्रमांक उतरवून घे, अक्षरं नंतर. सिप्पर हे आजच्या इराकमधलं प्राचीन बॅबिलोनी शहर. तिथल्या सूर्यदेव शमाशच्या मंदिरात उत्खनन करणाऱ्या होर्मुझ्द रस्साम यांनी १८८१-८२मध्ये कीलाकार लिपीतल्या हजारो मातीच्या पाट्या काढल्या. कुठली कोणत्या खोलीत सापडली, ते बहुतेकींच्या बाबतीत नोंदलंच गेलं नाही. त्यामुळे ब्रिटिश म्युझियमचा ८२-७-१४ असा क्रमांक फार मोलाचा. ती १४ जुलै १८८२ ही संग्रहातल्या नोंदणीची तारीख आहे. उत्खननाची समजू नकोस. एकाच तारखेला नोंदलेल्या गठ्ठ्यात इतर ठिकाणचा मालही मिसळलेला असतो, म्हणून मजकुरात पुरावा मिळेपर्यंत 'सिप्पर'पुढे प्रश्नचिन्ह ठेव.

पाटी पुस्तकाच्या पानासारखी उलटायची नाही. खालची कड वर आणून उलटायची. सहसा सपाट बाजू पुढची, फुगीर मागची. दिवा डावीकडून, वरून तिरपा धर, म्हणजे खिळ्यासारख्या खुणा सावलीने उठून दिसतात. चारही कडा बघच. ओळी कडेवर वळलेल्या असतात, कधी मुद्रेचा ठसाही तिथेच सापडतो.

मंदिराच्या हिशेबात जव, खजूर, लोकर नि शेवटी महिना, दिवस, वर्ष, राजा. 'नबोनिदस, वर्ष ५' (म्हणजे बॅबिलोनचा राजा नबोनिदस याच्या कारकिर्दीचं पाचवं वर्ष) असेल तर तसंच लिही, इ.स.पू. ५५१-५० वेगळ्या रकान्यात. राजाचं नाव फुटलं असेल तर अंदाजाने भरू नकोस, पुढचा माणूस तोच अंदाज खरा धरून चालतो.

आणि पाण्याचा बोळा लावू नकोस. बऱ्याच पाट्या भाजलेल्या नाहीत. क्षाराचा पांढरा थर दिसला तर संवर्धकाला बोलव.