आधी काकूंकडे जाऊन ये, ग्रुपचं नंतर बघू

कर्वेनगरच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. वय ५३. सदाशिव पेठेतली जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली म्हणून आईला आपल्याकडे आणलं, आणि सामान आवरताना कपाटात बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जुने फोटो सापडले. दर मे महिन्यात सगळी भावंडं दापोलीजवळच्या मुरुडला आजीकडे जायची, तेव्हाचे. समुद्रावर भिजलेली पोरं, वाळूतले किल्ले, घरचा कुत्रा मोत्या. हिने रात्री बसून मोबाईलवर सगळे टिपले आणि फॅमिली ग्रुपवर एका दमात ८७ फोटो टाकले. सकाळपर्यंत ग्रुप नुसता वाहत होता. पण धाकटी बहीण ग्रुप सोडून गेली, कारण ती चार वर्षांची असतानाचा तिचा उघडाबागडा फोटो पुतण्याने उचलून फेसबुकवर टाकला, आणि ती शाळेत शिकवते. काकू तर काहीच बोलल्या नाहीत, आता फोनही उचलत नाहीत. त्यांचा मुलगा एकविसाव्या वर्षी आजारपणात गेला, तो त्यातल्या बऱ्याच फोटोंत आहे. शेवटी विचारलंय, मावशी, मी तर प्रेमाने केलं, माझं काय चुकलं?

अगं, मावशी म्हणालीस म्हणून अगं-तुगंच करते. प्रेमाने केलंस यात मला जराही शंका नाही, आणि ते फोटो रद्दीत न जाता तुझ्या हाती लागले याचा मला मनापासून आनंद झाला, कारण बिल्डिंगी पडताना किती घरांचे फोटो भंगारात जातात ते मी बघितलंय. पण डबा तुला सापडला म्हणून आतली माणसं काही एकट्या तुझी होत नाहीत ना गं. ज्याचा चेहरा त्यात आहे त्याला आधी विचारायला हवं होतं, आणि जो आता नाही त्याच्या आईला तर सगळ्यात आधी.

तू एका फोटोचं फार बारकाईने लिहिलंयस. तो मुलगा वाळूत उकिडवा बसलाय, ओले केस कपाळाला चिकटलेत, एक हात मोत्याच्या गळ्यात आणि दुसऱ्या हातात फोडलेलं शहाळं, आणि मोत्या त्यातली मलई चाटतोय, त्याचा डावा कान थोडा फाटलेला. वाचताना माझेही डोळे भरून आले. आता विचार कर, हा फोटो काकूंनी रात्री अकरा-साडेअकराला एकटीने अंथरुणात बसून बघितला, वर कुणाचा तरी पोहण्याच्या टायरमधला फोटो, खाली कुणीतरी टाकलेले हसणारे चेहरे, आणि मधे त्यांचं लेकरू. कदाचित हा फोटो त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच बघितला असेल. बोलणार काय त्या?

फोन उचलत नाहीत तर फोन करू नकोस, जा. दुपारची झोप झाली की चार-साडेचारला जा, एकटी जा. त्या मुलाचे जेवढे फोटो आहेत तेवढे चांगल्या कागदावर, पाच बाय सातचे प्रिंट काढून पाकिटात घालून ने, आणि मूळचे फोटो त्यांना हवे असतील तर तेही देऊन टाक, तुझ्याकडे स्कॅन राहील. मोबाईल पर्समधून काढूच नकोस. काकू, मी तुम्हाला न विचारता टाकले, माझं चुकलं, एवढंच म्हण, त्याच्यापुढे पण-बिण काही लावू नकोस. पाकीट उघडायचा आग्रह करू नकोस, ठेवून ये. आणि त्याचं नाव घे गं. मुलगा गेला की लोक घाबरून त्याचं नावच घ्यायचं सोडतात, आईला ते फार लागतं.

बहिणीचं त्या मानाने सोपं आहे पण आजच कर. पुतण्याला स्वतः फोन करून ती पोस्ट काढायला लाव, ज्यांनी पुढे पाठवलाय त्यांनाही डिलीट करायला सांग, कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये राहील, पण तू धडपड केलीस हे बहिणीला दिसू दे. लहानपणीचाच तर आहे, त्यात काय एवढं, हे वाक्य तोंडातून काढू नकोस. तिच्या वर्गातल्या पोरांच्या आया फेसबुकवर आहेत, तिला उद्या त्यांच्यासमोर उभं राहायचंय. आणि हेच आत्ताच्या पोरांनाही लागू आहे, नातवंडांचे आंघोळीचे, समुद्रावरचे उघडे फोटो कुणीही कुठेही टाकू नयेत असं मला फार वाटतं.

आता उरलेल्या फोटोंचं. मोबाईलने टिपताना ट्यूबलाईटची चकाकी येते, आणि व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून बारीक करतं, त्यामुळे तू पाठवलेत ते काही जपणूक म्हणून धरू नकोस. फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेच्या स्कॅनरवर ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन करून घे, आणि पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठव. निगेटिव्हच्या पट्ट्या असतील तर फेकू नकोस, रंगीत प्रिंट लालसर पडले तरी निगेटिव्हमधून बरंच परत मिळतं. आणि एखादा फोटो चिकट पानांच्या अल्बमला किंवा फ्रेमच्या काचेला चिकटलेला असेल तर ओढू नकोस, तसाच स्कॅन कर. माझ्या दादाचा मुंजीतला फोटो मी घाईने ओढला आणि त्याचा अर्धा चेहरा पानालाच राहिला, अजून हळहळ वाटते.

आईशेजारी रोज पाच-सहाच फोटो घेऊन बस आणि कोण, कुठे, साधारण कधी ते विचार, मागे मऊ पेन्सिलीने लिही, बॉलपेन नको, त्याचे वळ पुढून दिसतात. मागे समुद्रात सुवर्णदुर्ग किल्ला दिसत असला तर ते बहुतेक मुरुडजवळचं हर्णै, आईला एवढा धागा मिळाला तरी ती पुढचं सांगेल. चौकोनी काळे-पांढरे फोटो आग्फाच्या क्लिक थ्री कॅमेऱ्याचे असतील, त्या १२० नंबरच्या रोलवर फक्त १२ निघायचे. बारामधला एक तुझ्या वडिलांनी कुत्र्यावर खर्च केला, म्हणजे मोत्या घरातलाच होता बघ. (आणि हो, ज्या महर्षी कर्व्यांच्या नावाने तुझं कर्वेनगर, त्यांचंही गाव मुरुडच, आईला सांग, तिला आवडेल.) हे होईल तसं प्रत्येकाला त्याचे त्याचे फोटो आधी एकेकट्याला पाठव, हो म्हणाले तेवढेच ग्रुपवर टाक, तेही दिवसाला दोन-तीन, सोबत आईने सांगितलेली गोष्ट लिहून. ८७ एकदम कुणी बघत नाही गं, सगळे नुसतं बोट फिरवतात.

तू लिहिलंयस की आई रोज मोत्याचाच फोटो मागते आणि तुला काळजी वाटते. वाटू देऊ नकोस. जुनं घर गेलं, पेठ गेली, ओळखीचं काहीतरी तिला हाताशी हवंय. काकूंच्या मुलाशिवायचा, मोत्याचा एकट्याचा एक फोटो असेल तो मोठा करून तिच्या उशाशी लाव. आणि त्याचा तो कान कशाने फाटला होता, ते तिला विचारून मला नक्की कळव.