सुटे भाग फेकू नका: जुन्या स्टिरिओ रिसीव्हरबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक सत्तरच्या दशकातल्या स्टिरिओ रिसीव्हरबद्दल आहेत. रेडिओचा ट्यूनर, प्रीअँप (बारीक सिग्नल सावरणारा भाग) आणि स्पीकर वाजवणारा पॉवर अँप्लिफायर एकाच पेटीत बसवलेले हे सेट आता पन्नाशीला आलेत, आणि नीट सांभाळले तर अजून बरीच वर्षं वाजतील. पत्रांत दोन गोष्टी पुन्हापुन्हा विचारल्या आहेत: सेट कधीचा, आणि दुरुस्त कसा करायचा. दोन्ही उत्तरं एकाच ठिकाणी, म्हणजे सेटच्या पोटात सापडतात. ज्या भागांवरून वय कळतं, तेच भाग घाईच्या दुरुस्तीत आधी केराच्या टोपलीत जातात. हे थांबावं असं मला मनापासून वाटतं.

वडिलांनी आखातातून परतताना आणलेला मॅरॅन्ट्झ २२४५ घरी आहे. मागे सीरियल नंबर आहे, पण तारीख कुठेच नाही. नेटवरचे तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय अमेरिकन कंपनीच्या सेटवर ‘मेड इन जपान’ कसं? – एक वाचक, रत्नागिरी

‘मेड इन जपान’ची काळजी करू नका. सॉल मॅरॅन्ट्झ यांची ही कंपनी १९६४मध्ये सुपरस्कोपकडे गेली आणि पुढे तिचे रिसीव्हर जपानमध्ये बनू लागले. तुमचा सेट अस्सलच आहे.

सीरियल नंबरचे तक्ते बाजूला ठेवा. एकाच मॉडेलच्या दोन सेटपैकी आधीचा कोणता, एवढा अंदाज नंबरावरून येतो. वर्ष क्वचितच कळतं. सुरुवात मॉडेलपासून करा. या मालिकेत आकड्यातच ताकद लिहिलेली असते: २२४५ म्हणजे दर चॅनेलला ४५ वॅट, २२७० म्हणजे ७०, २३२५ म्हणजे १२५, २३८५ म्हणजे १८५. २२४५ आणि २२७० हे सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातले. म्हणजे दशक ठरलं. आता वर्ष शोधायचं.

त्यासाठी सेट उघडावा लागेल. प्लग काढा, थोडा वेळ थांबा आणि मोठ्या फिल्टर कपॅसिटरमधला (सप्लायची वीज साठवून ती सपाट करणारे मोठे डबे) उरलेला चार्ज १ किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून मिनिटभर उतरवा. मग मीटर लावून खात्री करा. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायची जुनी सवय कपॅसिटरलाही वाईट आणि हातालाही.

आत गेल्यावर वाचायला पुष्कळ असतं. आयसी (अनेक पायांची काळी चिप) असेल तर त्यावर बहुधा चार आकडे सापडतात, पहिले दोन वर्षाचे आणि पुढचे दोन आठवड्याचे: ७३१८ म्हणजे १९७३चा अठरावा आठवडा. ट्रान्झिस्टरवर अनेकदा छोटा लॉट कोड असतो आणि त्यात वर्षाचा फक्त शेवटचा आकडा असतो. ४ म्हणजे १९६४, १९७४ की १९८४? ते मॉडेलवरून ठरवायचं. ट्रान्सफॉर्मरवर किंवा चॅसीच्या आतल्या बाजूला तपासणीचा शाईचा शिक्का असेल तर तो नीट पाहा. त्यात ४८ किंवा ४९ असा न जुळणारा आकडा दिसला, तर ते जपानी शोवा सालाचं वर्ष असू शकतं. त्यात १९२५ मिळवा. ४८ म्हणजे १९७३.

इथे एक नियम पाळा. जे मूळ भाग आहेत, त्यांतला सगळ्यांत नवा भाग ज्या तारखेचा, सेट त्यानंतर जोडला गेला, बहुधा काही महिन्यांतच. ‘मूळ’ हा शब्द महत्त्वाचा. मधल्या काळात कोणी एखादा ट्रान्झिस्टर बदलला असेल तर तो तुम्हाला दहा वर्षं पुढे नेईल. पीसीबी, म्हणजे भाग बसवलेली पट्टी, उलटी करून सोल्डर पाहा. कारखान्याचा टाका आणि हाताने मारलेला टाका यांतला फरक भिंगातून स्पष्ट कळतो.

तुमच्याकडे आणखी एक साधन आहे, जे बाजारातून सेट घेणाऱ्याकडे नसतं. त्या काळी परदेशातून आणलेल्या अशा वस्तूंवर जबर ड्युटी असायची आणि तिची पावती लोक वर्षानुवर्षं जपून ठेवायचे. वडिलांच्या कागदांत ती मिळाली, तर सेट त्या तारखेच्या आधीचा हे पक्कं झालं. आतले कोड खालची मर्यादा देतील, पावती वरची.

माहितीपत्रक सापडलं तर ताकद कशी लिहिली आहे तेही वाचा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४मध्ये अँप्लिफायरची ताकद जाहीर करण्याचे नियम घातले. सलग ताकद, किती ओहमवर, कोणत्या फ्रिक्वेन्सीपासून कुठपर्यंत आणि किती डिस्टॉर्शनसह, हे सगळं एका वाक्यात मांडलेलं असेल तर कागद बहुधा त्यानंतरचा. ‘म्युझिक पॉवर’ची मोठमोठी आकडेवारी ही बहुधा त्याआधीची.

(अमेरिकेतच बनलेला साठच्या दशकातला फिशर किंवा एच. एच. स्कॉट असेल, तर काम सोपं होतं. तिथल्या पॉटेन्शिओमीटरवर (व्हॉल्यूम, ट्रेबलच्या बटणामागचा फिरता भाग) उत्पादकाचा तीन आकडी कोड आणि पुढे वर्ष-आठवडा छापलेला असतो. १३७६७२३ म्हणजे सीटीएस कंपनी, १९६७, तेविसावा आठवडा.)

सॅन्सुई ९०९० वीस वर्षं माळ्यावर पडून होता. टेक्निशियन म्हणतो, आधी सगळे कपॅसिटर बदलू, मगच करंट देऊ. करू का? – एक वाचक, कोल्हापूर

नका करू. निदान त्या क्रमाने तरी नका करू.

एका फटक्यात शंभरेक कपॅसिटर बदलले आणि सेट चालला नाही, तर दोष मुळातला की नव्याने घातलेला, हे कोणालाच सांगता येत नाही. उलटा बसलेला एक कपॅसिटर, सोल्डरचा एक थेंब, उचलला गेलेला एक ट्रॅक, एवढं पुरेसं असतं. शिवाय वय सांगणारा सगळा पुरावा गेलेला असतो.

आधी डोळ्यांनी पाहा. फुगलेले, गळलेले कपॅसिटर, काळवंडलेले रेझिस्टर, आणि भाग जागी धरून ठेवायला लावलेला तो पिवळा गोंद. वर्षांनी तो तपकिरी होतो, ओल धरतो, त्यातून करंट वाहू लागतो आणि आजूबाजूच्या तारांचे पाय खाऊन टाकतो. तो हलक्या हाताने खरवडून काढलाच पाहिजे. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहिलेल्या सेटमध्ये हे आधी तपासा.

मग सिरीज बोर्ड, म्हणजे सेट आणि मेन्सच्या (घरातल्या विजेच्या) मध्ये १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. स्पीकर जोडू नका. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर फिल्टर चार्ज झाले, ठीक आहे. तसाच झगझगत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. लगेच बंद करा. व्होल्टेज कमी पडल्याने प्रोटेक्शन रिले (सगळं ठीक असेल तरच स्पीकर जोडणारा आपोआप चालणारा स्विच) ‘टक्’ करत नाही, त्याने घाबरून जाऊ नका.

सगळं शांत असेल तर थेट मेन्सवर घ्या आणि मल्टिमीटर काढा. स्पीकरच्या टर्मिनलवरचा डीसी ऑफसेट, म्हणजे गाणं नसतानाही तिथे दिसणारं डीसी व्होल्टेज, ५० मिलिव्होल्टच्या आत हवा. काही व्होल्ट दिसले तर स्पीकर अजिबात जोडू नका. अर्धा तास सेट तापू द्या, मग सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे एमिटर रेझिस्टरवरचा बायस (आउटपुट ट्रान्झिस्टरमधून शांत असतानाही वाहणारा करंट) मोजा. पॉवर सप्लायची प्रत्येक रेल (ठरावीक व्होल्टेजची लाइन) मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहा. प्रत्येक माप वहीत लिहा.

आता बदलायचं काय ते ठरवा. गरम रेझिस्टरजवळ बसलेले सप्लायचे छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बहुधा सुकलेले असतात, ते बदला. सिग्नलच्या वाटेतले काढून मोजा. मोठे फिल्टर कपॅसिटर मात्र त्या काळच्या जपानी सेटमध्ये अनेकदा आश्चर्य वाटावं इतके धडधाकट निघतात. स्पीकरमधून ‘घूं’ असा आवाज नसेल आणि माप ठीक असेल तर त्यांना हात लावू नका. नवा घालताना व्होल्टेज तेवढंच किंवा थोडं जास्त, तापमान १०५ अंशांचं. क्षमता दुप्पट-तिप्पट करू नका. सुरू होताना ब्रिज रेक्टिफायरवर ताण येतो.

व्हॉल्यूम शून्यावर असतानाही एका बाजूला चटचट किंवा सूं ऐकू येते का? मग कपॅसिटरपेक्षा छोट्या ट्रान्झिस्टरवर संशय घ्या. २एसए७२६ आणि २एससी४५८ हे या बाबतीत बदनाम आहेत. पाय काळे पडलेले दिसतील. त्यांच्या जागी अनेक जण अनुक्रमे केएसए९९२ आणि केएससी१८४५ वापरतात, पण पायांचा क्रम डेटाशीटवरून पडताळूनच टाका मारा. आउटपुटचे पॉवर ट्रान्झिस्टर घेताना तर फारच जपा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला असोत की पुण्याच्या तापकीर गल्लीत, चांगले दुकानदार आहेत, तसा नकली मालही आहे. किंमत फारच कमी वाटली तर घेऊ नका.

काढलेला प्रत्येक भाग छोट्या पिशवीत घालून, कुठला ते लिहून, सेटबरोबर ठेवा. पुढच्या माणसाला त्याचा उपयोग होतो.

आवाज कमी ठेवला की डावा स्पीकर जातो. मोठा केला की परत येतो. – एक वाचक, ठाणे

बहुतेक वेळा स्पीकर रिले. त्याच्या कॉन्टॅक्टवर थर बसतो. छोटा सिग्नल तो ओलांडू शकत नाही, मोठा ओलांडतो. पॉलिश पेपर अजिबात नको, वरचा मुलामा निघून जातो. सेट बंद करून, कॉन्टॅक्ट क्लीनरने ओली केलेली जाड कागदाची पट्टी दोन टोकांमध्ये धरून ओढा. थोड्या दिवसांत परत तसंच झालं तर त्याच कॉइल व्होल्टेजचा नवा रिले बसवा. त्याआधी टेप मॉनिटर आणि स्पीकर निवडायची बटणं पंचवीसेक वेळा फिरवून पाहा. कधीकधी दोष तिथेच असतो.

इथे पायोनियर एसएक्स-७८० स्वस्तात मिळाला. पुढच्या वर्षी सांगलीला घरी न्यायचा आहे. चालेल का? – एक वाचक, न्यू जर्सी

चालेल, पण तीन गोष्टी समजून घ्या. पहिली, मागच्या पट्टीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ एवढंच लिहिलेलं असेल तर सांगलीला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागणारच. पट्टीवर जेवढे वॅट लिहिलेत त्याच्या दुपटीच्या आसपासचा घ्या. ५० हर्ट्झवर सेटचा ट्रान्सफॉर्मर जरा जास्त गरम होईल. पेटीवर काही ठेवू नका, हवा खेळू द्या. व्होल्टेज निवडायचा स्विच असलेलं मॉडेल मिळालं तर उत्तमच, पण तो स्विच योग्य जागी नेल्याशिवाय इथल्या २३० व्होल्टला लावू नका.

दुसरी गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. एफएमवर केंद्राकडून वरचे स्वर वाढवून पाठवतात आणि रिसीव्हर ते तेवढेच कमी करतो. अमेरिकेत हे ७५ मायक्रोसेकंदांच्या मापाने होतं, भारतात ५०च्या. त्यामुळे अमेरिकेचा सेट इथे एफएमचे वरचे स्वर गरजेपेक्षा जास्त कापतो, अगदी वरच्या टोकाला साधारण साडेतीन डेसिबलपर्यंत. सेट बिघडलेला नाही. ट्रेबलचा खटका थोडा वर करा; कायमचा उपाय हवा असेल तर जाणकाराकडून डी-एम्फसिसचे (वरचे स्वर कमी करणाऱ्या त्याच भागाचे) दोन कपॅसिटर बदलून घ्या.

तिसरी, एसएक्स-७८० हा १९७८च्या सुमाराचा, दर चॅनेलला ४५ वॅटचा, आणि त्याचं आउटपुट एसटीके-००५० या मॉड्यूलवर (आउटपुटचे भाग एकत्र बसवलेली तयार वडी) आहे. मॉड्यूल गेलं तर अस्सल मिळणं अवघड. म्हणून निघण्यापूर्वी तिथेच दोन्ही चॅनेल तास-दोन तास वाजवून पाहा.

जपानमधून मागवलेल्या सेटच्या डायलवर ७६ ते ९० एवढंच आहे. माझी केंद्रं लागत नाहीत. – एक वाचक, पुणे

तो जपानच्या घरगुती बाजारासाठी बनलेला आहे. तिथला एफएम पट्टा तेव्हा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ होता, आपल्याकडे ८७.५ ते १०८. म्हणून पट्ट्याचा एक छोटासा तुकडाच समान. असा सेट १०० व्होल्टचा असतो. त्याला त्याच मापाचा ट्रान्सफॉर्मर द्या, अमेरिकेचा १२० व्होल्टचा नको. ट्यूनरच्या कॉइल वाकवून पट्टा बदलायचा उद्योग करू नका. रेकॉर्ड प्लेअर आणि ऑक्ससाठी तो अँप म्हणून छान आहे, आणि ट्यूनर मूळ रूपात राहू द्यावा.

माझ्या रिसीव्हरवर ट्रिओ लिहिलंय, पण फोटोत तोच सेट केनवूड नावाने दिसतो. नकली आहे का? – एक वाचक, नागपूर

नाही. जपानमध्ये कंपनीचं नाव ट्रिओ होतं, केनवूड हे परदेशातल्या विक्रीचं नाव. १९८६मध्ये कंपनीनेच केनवूड हे नाव घेतलं. ट्रिओची पाटी त्याआधीची, एवढी मदत तुम्हाला वय ठरवायला होईलच.

डायलची काच धुरकट झालीय आणि आतले दोन दिवे गेलेत. एलईडी बसवू का? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

काच पुढून कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसा. आकडे बहुधा मागच्या बाजूला छापलेले असतात. तिथे फक्त मऊ कोरडा ब्रश. अमोनियाचा काच-क्लीनर किंवा स्पिरिट लागलं की अक्षरं फडक्यावर येतात, आणि ती परत मिळत नाहीत.

दिव्यांबाबत माझा कल मूळ प्रकाराकडे आहे. त्या निळ्या-हिरव्या फिल्टरचा रंग पिवळसर बल्बच्या उजेडासाठी ठरवलेला होता. पांढऱ्या एलईडीने तो थंड आणि भडक दिसतो. वाइंडिंग एसीची असल्याने साधा एलईडी लुकलुकतोही. मॅरॅन्ट्झच्या सेटमध्ये ८ व्होल्टचे, फ्यूजच्या आकाराचे दिवे असतात. मूळच्याच अँपिअरचे घ्या. जास्तीचे लावले तर उष्णतेने मागचा कागद आणि प्लास्टिक जळतं.

केंद्र स्पष्ट लागतं, पण स्टिरिओचा दिवा लागत नाही. – एक वाचक, नाशिक

आधी दुसरं केंद्र लावून पाहा. प्रक्षेपणच मोनो असेल तर दिवा लागणार नाही. मग अँटेना. १९ किलोहर्ट्झचा पायलट सिग्नल पुरेसा मिळाला तरच सेट स्टिरिओ होतो, आणि तारेचा तुकडा लोंबवून तो मिळत नाही. ३०० ओहमच्या दोन स्क्रूंना रिबन केबलचा टी-आकाराचा डायपोल लावा. सिग्नल मीटर वर गेला आणि दिवा तरीही नाही, तर डीकोडर, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा करणारा भाग, पाहायचा. डीकोडर पीएलएल (पायलटशी आपोआप जुळवून घेणाऱ्या) आयसीचा असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या टेस्ट पॉइंटवर फ्रिक्वेन्सी काउंटर लावून ट्रिमर हलका फिरवा, बहुधा ७६ किंवा १९ किलोहर्ट्झवर आणायचा असतो. फिरवण्याआधी त्याची मूळ जागा मार्करने खूण करून ठेवा. आणि १०.७ मेगाहर्ट्झच्या आयएफ कॅनमधल्या (ट्यूनरमधल्या छोट्या चौकोनी धातूच्या डब्यांतल्या) रंगीत कोअरना सिग्नल जनरेटर नसताना हात लावू नका. त्या एकदा हलल्या की अंदाजाने परत जागेवर आणता येत नाहीत.