शिबिराची तारीख ठरवण्याआधी

दंतशिबिराची तारीख ठरवण्याआधी आशाताईंना, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीला, विचार. बीडकडची ऊसतोड कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांकडे निघतात. डिसेंबरात दंतशिबिर लावलंस तर गावात म्हातारी माणसं तेवढी भेटतील. ही चूक मी केली आहे, आणि तिचं अजून वाईट वाटतं.

दात काढण्याआधी रक्तदाब आणि साखर तपासलीच पाहिजे. अवजारांचे संच मोजून घे. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने अवजारं निर्जंतुक करायच्या यंत्रात, १२१ अंशांवर किमान १५ मिनिटं लागतात, शिवाय तापणं-निवणं वेगळं. संच कमी असतील तर नावं कमी घे.

बायकांना 'मिश्री लावता का?' असंच विचार; मिश्री म्हणजे दातांना लावायची भाजलेल्या तंबाखूची पूड. तंबाखू म्हटलं की बऱ्याच जणी नाही म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी व्यसनच नाही. तोंडात तीन बोटं उभी जात नसतील किंवा पांढरा चट्टा दिसला, तर ती तोंडाच्या कर्करोगाआधीची खूण असू शकते; नुसती चिठ्ठी देऊन पाठवू नकोस. मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं, माणूस जातच नाही. जिल्हा रुग्णालयात दंतवैद्य कोणत्या वारी असतात ते आधी फोनवर विचार, सोबत कुणी तरी दे, आणि आठवड्याने स्वतः चौकशी कर. माझ्या वहीत या लोकांचं पान वेगळं असतं.