बाग गहाण ठेवू नका

वेंगुर्ल्याकडच्या एका मूर्तिकार वडिलांचं पत्र आलंय. मुलगा बारावी सायन्स, 61 टक्के, सीईटी बरी नाही गेली, आणि पुण्याला आत्याकडे राहून क्लाइंबिंग वॉलवर (चढायच्या खेळासाठी उभारलेल्या भिंतीवर) जायला लागल्यापासून म्हणतो की मला भिंतीवरचे ते होल्ड, म्हणजे चढताना हातापायाने धरायचे बोल्टने लावलेले तुकडे, डिझाइन करायचेत. वडील हापूसची बाग गहाण टाकून त्याला मॅनेजमेंट कोट्यातून इंजिनिअरिंगला घालायला निघालेत.

दादा, मार्कांचं मला काही वाटलं नाही. पण तुम्ही लिहिलंय, 'मातीत हात घालायचं माझ्याबरोबर संपू दे', ते खूप लागलं. हा मुलगा सातवीपासून तुमच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, बसतोय, शाडूचं काम करतो, साचे काढतो, गिऱ्हाइकं त्याने केलेली बोटं बघून मूर्ती पसंत करतात, आणि हे सगळं तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंयत! का हो? सीझन चार महिन्यांचा, पीओपीवाल्यांनी भाव पाडले, पैसा सुटत नाही, सगळं मान्य. पण तो राग धंद्याचा आहे, पोराच्या हातांवर का काढताय? मन नसलेली मुलं केटीत (नापास विषयांत) अडकलेली मी खूप बघितलीत, त्यात बागही जाते आणि पोरगं घरात बोलेनासं होतं ते वेगळंच.

आता तुम्ही होल्डबद्दल म्हणता ना, 'प्लास्टिकचे दगड, मशीनमधून निघतात, त्यात डिझाइन कसलं', त्याबद्दल. काही कंपन्या कॉम्प्युटरवर करतात हे खरं, पण बरेचसे होल्ड अजून माणूसच फोममध्ये करवत, सुरी, पॉलिशपेपरने कोरतो, त्याला शेपर म्हणतात. मग त्यावरून सिलिकॉनचा साचा, आणि साच्यात पॉलियुरेथेन (एक प्रकारचं प्लास्टिक) ओततात. म्हणजे तुमच्याच शाळेतलं काम की! आणि ते दिसायला दगडासारखं असून भागत नाही. बोटं कुठून येणार, अंगठ्याला जागा आहे का, कड इतकी गोल हवी की बोटाच्या शिरेवर ताण येऊ नये, खरखर इतकी की घाम आला तरी हात टिकावा पण कातडी सोलू नये, आणि तोच होल्ड बोल्टभोवती फिरवून लावला की पकड पूर्ण बदलते, त्याचाही विचार शेपरला आधी करावा लागतो.

मुलालाही स्पष्ट सांगतो. 2021 ला टोकियो ऑलिम्पिकमध्ये क्लाइंबिंग आलं, वॉल वाढतायत, पण भारतात फक्त शेपर म्हणून नोकऱ्या मोजक्याच आहेत, तेवढ्यावर आयुष्य लावू नकोस. मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिल्पकला, नाहीतर एखाद्या डिझाइन कॉलेजात प्रॉडक्ट डिझाइन, असा पाया घे. डिझाइनसाठी यूसीड (आयआयटीसारख्या संस्थांतल्या डिझाइन पदवीची प्रवेश परीक्षा) आणि एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची परीक्षा असते, यंदा नाही तर पुढच्या वर्षी दे. चढणं सोडू नकोस, स्वतः लटकल्याशिवाय होल्ड चांगला की वाईट ते कळत नाही.

दादा, चतुर्थी झाली की त्याला फोमचे ब्लॉक आणून द्या, पाच-सहा आकार कोरू दे, काही डिझाइन कॉलेजं प्रवेशाला पोर्टफोलिओ (स्वतःच्या कामांचा संच) मागतात, तिथे तेच कामाला येतील. फोम घासताना मास्क हवाच. रेझिनला, म्हणजे साच्यात ओतायच्या त्या पातळ प्लास्टिकला, मात्र घरी हात लावू देऊ नका, त्याची वाफ फुप्फुसाला वाईट, ते जाणत्या माणसाच्या हाताखालीच शिकायचं. आणि घरी केलेला होल्ड कुठल्याच भिंतीवर लावून त्यावर चढायचं नाही.