'सोरॉरिटी'ला भगिनी मंडळ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: पुतणी अमेरिकेत कॉलेजात गेली. फोनवर म्हणाली, "रश चालू आहे, बिड आली तर पुढच्या वर्षी हाउसमध्ये राहायला जाईन." हे आजीला मराठीत कसं सांगायचं? आणि सोरॉरिटीला 'भगिनी मंडळ' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. सोरॉरिटी म्हणजे अमेरिकी कॉलेजातली मुलींची संघटना, मुलांची ती फ्रॅटर्निटी; दोन्हींची सभासदांना राहायला स्वतःची घरं असतात, तेच पुतणीचं 'हाउस'. भगिनी मंडळात वर्गणी भरली की सभासद होता येतं. सोरॉरिटीत आधी निवड, मग वर्गणी, आणि तीही चांगलीच भरभक्कम. कोशात फ्रॅटर्निटीसमोर 'बंधुता' सापडेल, पण तो शब्द संविधानाच्या उद्देशिकेतला. तिथे तो सगळ्यांना सामावून घेतो. कॉलेजातली फ्रॅटर्निटी मात्र कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही, हेच ठरवत बसते.

व्युत्पत्ती तशी ओळखीची आहे. लॅटिन 'फ्रातेर' हा संस्कृत 'भ्रातृ'चा भाऊबंद, 'सोरोर' ही 'स्वसृ'ची. तेव्हा बंधुसंघ आणि भगिनीसंघ अशी जोडी लावावीशी वाटते, पण इतिहास आडवा येतो. १८७० साली इंडियानात निघालेली कप्पा अल्फा थीटा ही मुलींची संघटना स्वतःला आजही फ्रॅटर्निटीच म्हणवते. 'सोरॉरिटी' रुळला तो पुढे. सिरॅक्यूज विद्यापीठातल्या गॅमा फाय बीटा या संघटनेच्या मुलींना १८८२ साली त्यांच्या लॅटिनच्या प्राध्यापकांनी तो सुचवला. संघटनांना ग्रीक अक्षरांची नावं ठेवायची चाल १७७६ साली निघालेल्या फाय बीटा कप्पा या विद्यार्थी संघटनेपासूनची. त्यामुळे या सभासदांना सरसकट 'ग्रीक' म्हणतात. भाषांतर करताना पुतणीला अथेन्सला पाठवू नका, एवढंच.

मी 'सोरॉरिटी' आणि 'फ्रॅटर्निटी' हे दोन्ही शब्द आहेत तसेच ठेवीन. खरी गंमत त्यांच्या पोटातल्या शब्दांत आहे. 'बिड'ला 'बोली' म्हटलं की लिलाव होतो; 'बोलावणं' चपखल बसतं. 'रश' म्हणजे गर्दी नव्हे. काही दिवस मुली एकेका सोरॉरिटीच्या घरी फिरतात, गप्पा मारतात, आणि शेवटी दोन्ही बाजू आपापली पसंती कळवतात. आजीला 'दाखवण्याचा कार्यक्रम' म्हणून सांगा, लगेच कळेल. कपड्यांवर नजर असतेच, आणि आई त्याच सोरॉरिटीतली असेल तर पुष्कळ ठिकाणी त्याचं वजनही पडत आलं आहे. अलाबामासारख्या दक्षिणेकडच्या विद्यापीठांत हे सगळं ऑगस्टमध्ये, वर्ग भरायच्या आत उरकतं. म्हणजे पहिल्या तासाला बसण्याआधीच मैत्रिणी कोण, जेवायचं कोणाबरोबर, हे बरंचसं ठरलेलं असतं. बहुतेक सोरॉरिटींच्या घरात दारूला बंदी आहे. त्यामुळे पार्ट्या मुलांच्या फ्रॅटर्निटींच्या घरी होतात आणि दारात कोणाला घ्यायचं हे मुलगे ठरवतात. सभासद नसलेल्यांच्याही शनिवार-रविवारवर या घरांची सत्ता चालते ती अशी.

'प्लेज'ला कोश 'प्रतिज्ञा' म्हणेल. इथे निवड झालेल्या, पण अजून पक्का सभासद न झालेल्या माणसाला प्लेज म्हणतात, म्हणून 'उमेदवार' बरा. निवडणुकीतला नव्हे, वकिलाकडे किंवा कारखान्यात उमेदवारी करायचे, तो.

आणि या उमेदवारीतल्या 'हेझिंग'ला कृपया रॅगिंग म्हणू नका, छळ तोच असला तरी. रॅगिंग नव्याने आलेल्या कोणाच्याही वाट्याला येतं. त्याला कुठल्या गटात शिरायचं असो वा नसो. हेझिंग सोसणारा आत जायचं म्हणून सोसतो. म्हणूनच 'त्याची संमती होती' हा बचाव तिथे हटकून पुढे येतो, आणि टेक्सस, फ्लोरिडा यांसारख्या राज्यांच्या कायद्यांना तो मान्य नाही, असं स्पष्ट लिहावं लागलं आहे. २०१७ साली पेन स्टेट विद्यापीठात बीटा थीटा पाय या फ्रॅटर्निटीच्या घरात अशाच एका उमेदवाराला भरपूर दारू पाजली गेली, तो जिन्यावरून पडला आणि पुढे दगावला. त्यानंतर पेनसिल्व्हेनियाने २०१८मध्ये कायदा कडक केला. त्या कायद्याबद्दल मराठीत लिहिताना 'हेझिंगविरोधी' असंच लिहावं. 'रॅगिंगविरोधी' म्हटलं तर संमतीचा मुद्दा मुळात उभा का राहिला, हे वाचकाला कळणार नाही.